ह्यूमन लीगचा ‘डेअर’ तबकडीवर : दहावे गाणे अल्बमचे की अल्बमबाहेरचे?

डोंगरवाट
ह्यूमन लीग या ब्रिटिश गटाचा ‘डेअर’ हा अल्बम व्हर्जिन कंपनीने ऑक्टोबर १९८१ मध्ये बाजारात आणला. सिंथेसायझरवर उभ्या असलेल्या न्यू वेव्ह संगीतात त्याचे स्थान फार वरचे आहे, तरीही बहुतेकांना त्यातले ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ हे एकच गाणे ठाऊक असते. मी नोकरीनिमित्त या गटाच्याच गावी, म्हणजे शेफील्डला राहतो आणि जुन्या रेकॉर्डींच्या दुकानातून त्या काळातली ब्रिटिश प्रत घेतल्यापासून हा अल्बम नव्याने ऐकतो आहे. या ऐकण्यातून माझे एक मत बनले आहे आणि ते इथल्या जाणकारांसमोर ठेवावेसे वाटते.

माझे म्हणणे असे की ‘डेअर’ हा मुळात नऊ गाण्यांचा, अतिशय विचारपूर्वक रचलेला अल्बम आहे आणि ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ हे दहावे, जगभर गाजलेले गाणे त्याच्या शेपटाला जोडलेले आहे. गायक फिल ओकी याला ते गाणे सर्वांत कच्चे वाटत होते, म्हणूनच ते दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी गेले. सीडीवर किंवा फोनवर आपण थेट दहाव्या गाण्यावर उडी मारतो, त्यामुळे ही रचना कळतच नाही. तबकडीवर मात्र पाच गाण्यांनंतर उठावे लागते, बाजू उलटावी लागते आणि त्या गाण्यापर्यंत पोहोचण्याआधी ‘सेकंड्स’ आणि ‘लव्ह अ‍ॅक्शन’ या दोन जबरदस्त गाण्यांतून जावे लागते. तिथे पोहोचल्यावर ते गाणे मला आधीच्या नवांपेक्षा वेगळ्या जातीचे वाटते.

तुमच्याकडे ही तबकडी असेल तर तुम्ही दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकता का, आणि ते दहावे गाणे तुम्हाला अल्बमचा भाग वाटते का?

मंद्रसप्तक
विषय उत्तम आहे. तुमच्या निरीक्षणाला एक तांत्रिक जोड देतो, कारण माझ्या मते तिचा इथे थेट संबंध आहे.

एलपी, म्हणजे अल्बमची मोठी तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण सुईखालून खाच किती वेगाने सरकते ते सुई केंद्रापासून किती अंतरावर आहे यावर ठरते. बाहेरच्या कडेला हा वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर असतो आणि अगदी आतल्या खाचांपाशी तो सुमारे २१ सेंटीमीटरवर येतो. म्हणजे तेवढ्याच वेळाचे संगीत आत निम्म्याहूनही कमी लांबीत कोंबले जाते. याचा पहिला फटका वरच्या पट्टीतल्या तपशिलांना बसतो. ‘स’ आणि ‘श’ हे उच्चार फरफरतात, हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसंचातल्या जोडझांजेची, धार बोथट होते. ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ नेमके तिथे आहे, आणि त्याच्या दुसऱ्या कडव्यात सुझन अ‍ॅन सली हिचा मोकळा, जवळून ध्वनिमुद्रित केलेला आवाज आहे. तेव्हा डोंगरवाट, ते गाणे तुम्हाला वेगळे वाटण्यात रचनेचा भाग किती आणि खाचेचा किती, हे आधी तपासायला हवे. तेच गाणे सात इंची सिंगलवर, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीवर, ४५ फेऱ्यांच्या गतीने ऐकलेत तर त्याची सुरुवातच सेकंदाला सुमारे ४० सेंटीमीटर वेगाने होते. फरक कुणाच्याही कानाला कळेल.

पेठकर
दोघांनाही नम्रपणे एक प्रश्न. हा अल्बम यंत्रांनी बनवलेला आहे. त्यातला ताल लिन एलएम-१ या ड्रम मशीनचा आहे, आणि त्या यंत्रात खऱ्या ड्रमचे आघात ८ बिटच्या अंकीय (डिजिटल) नमुन्यांच्या रूपात साठवलेले होते. म्हणजे तालाचा उगमच अंकीय आहे. मग तो तबकडीवर ऐकून नेमके काय अधिक मिळते? ‘तबकडीचा उबदार नाद’ हे शब्द मी इतक्या ठिकाणी वाचले आहेत की आता त्यांचा मला कंटाळा आला आहे. चांगल्या रीतीने तयार केलेली सीडी या अल्बमला पूर्ण न्याय देते, आणि आतल्या खाचांचा प्रश्नही तिथे उद्भवत नाही.

मंद्रसप्तक
पेठकर, एलएम-१ बद्दलचे तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि उबदारपणाचा मुद्दा मीही मांडलेला नाही. पण चित्र थोडे मिश्र आहे. त्या अंकीय ड्रमच्या भोवतीचे बाकीचे बरेचसे नाद रोलँड सिस्टिम ७००, ज्युपिटर-४ आणि कोर्ग ७७० अशा अ‍ॅनालॉग सिंथेसायझरांमधून आलेले आहेत आणि ते सर्व चुंबकीय फितीवर मुद्रित झाले आहे. काटेकोर ताल आणि किंचित डोलणारे सूर यांचा तो संयोग आहे.

एलएम-१ ची आणखी एक मर्यादा या अल्बमच्या घडणीत उतरली आहे. रॉजर लिन यांनी १९८० मध्ये हे यंत्र आणले तेव्हा स्मृती-चिप फार महाग होत्या, त्यामुळे लांब घुमणारी क्रॅश किंवा राइड झांज त्यात ठेवलीच नव्हती. हाय-हॅट, टाळी, काउबेल, टँबोरिन, काँगा असे लवकर विरणारे आवाज होते. रॉकमध्ये कडवे संपून ध्रुवपद आले की ड्रमवादक झांजेवर जोरात आघात करतो आणि त्या खणखणाटाखाली सांधा झाकला जातो. इथे ती सोय नव्हती. प्रत्येक सांधा नव्या सुरावटीने, एखाद्या आवाजाच्या आगमनाने किंवा चक्क शांततेने सांभाळावा लागला. ‘ओपन युवर हार्ट’मध्ये ध्रुवपद कसे उघडते ते या दृष्टीने ऐकून पाहा.

केतकीवन
मंद्रसप्तक, हा झांजेचा मुद्दा वाचून लगेच पहिली बाजू लावली. ‘द साउंड ऑफ द क्राउड’मध्ये तो फार स्पष्ट कळतो. टॉम या ड्रमचे ते खोल, एकाआड एक पडणारे आघात आणि वर पूर्ण मोकळी जागा.

जुना_गिरगावकर
आमच्या पिढीच्या आठवणी थोड्या वेगळ्या आहेत. १९८२-८३ च्या सुमारास माझे मेहुणे बोटीवर होते, त्यांनी इंग्लंडहून ‘डेअर’ची कॅसेट आणली होती. तिच्या प्रती आमच्या चाळीतल्या निम्म्या मुलांकडे झाल्या आणि प्रतीवरून प्रत करता करता शेवटी गाण्यापेक्षा फितीची सरसरच जास्त ऐकू येई. तबकडी मात्र मी पहिल्यांदा पाहिली ती मुलाकडे परदेशी गेल्यावर. मोठ्या आकारातले ते पांढरे वेष्टन, त्यावर कडेने कापून घेतलेले चेहरे, फॅशनच्या मासिकाचे मुखपृष्ठ असावे तशी मांडणी. कॅसेटवर ते काडेपेटीएवढे दिसे. सहा जणांचा गट गिटारशिवाय उभा आहे आणि चेहऱ्यांवर रंग लावलेले पुरुष व स्त्रिया एकाच रांगेत मोजले जात आहेत, हे त्या वेष्टनावरून पहिल्यांदा जाणवले.

याच काळात आपल्या मुंबईतही एक विलक्षण गोष्ट घडली होती, ती इथे नोंदवतो. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचा ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेस मशीन एकमेकांना जोडून दहा राग वाजवले. ती तबकडी एचएमव्हीने काढली, तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभरातले लोक थक्क झाले. शेफील्ड आणि मुंबई यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण यंत्राकडून ताल अखंड चालवून घ्यायचा आणि माणसाने त्यावर सुरावट धरायची, ही दृष्टी दोन्हीकडे एकाच वेळी आली होती.

निशिगंधा_लीड्स
गिरगावकर काका, ती तबकडी मी ऐकली आहे आणि तुमच्याशी सहमत आहे. मात्र दोघांच्या हाताळणीत मोठा फरक आहे. चरणजित सिंग यांच्याकडे माणूस यंत्रासोबत प्रत्यक्ष वाजवतो आहे. ‘डेअर’मध्ये बराच भाग वाजवलेलाच नाही, तो लिहिलेला आहे. निर्माते मार्टिन रशेंट यांच्याकडे रोलँडचा एमसी-८ हा सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर सिंथेसायझरकडून क्रमाने वाजवून घेणारे यंत्र, होता. त्यावर पियानोसारखी पट्टी नसते, असतात फक्त अंकांच्या कळा. प्रत्येक सुरासाठी त्याची उंची, पुढच्या सुरापर्यंतचा अवधी आणि तो किती काळ धरायचा हे सगळे आकड्यांनी भरावे लागे. एका गाण्याची बेसची ओळ अशा रीतीने भरायची म्हणजे केवढी चिकाटी लागत असेल याची कल्पना करा. या कामात रशेंट यांच्यासोबत डेव्ह अ‍ॅलन होते, जे पुढे ‘द क्युअर’चे निर्माते म्हणून नावारूपाला आले.

रशेंट त्याआधी बझकॉक्स आणि स्ट्रँगलर्स यांच्यासारख्या पंक व न्यू वेव्ह गटांचे निर्माते होते. गिटारचा गोंगाट नेमका कुठे थांबवायचा हे कळणारा माणूस सिंथेसायझरांकडे वळला, आणि त्यामुळेच या अल्बममध्ये एकही सूर उगाच लांबलेला नाही असे मला ठामपणे वाटते.

पेठकर
निशिगंधा, ही माहिती फारच चांगली आहे. तरी गटाच्या फुटीबद्दल कुणीच बोलले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण माझ्या मते ‘डेअर’चे रहस्य तिथे आहे. १९८० च्या अखेरीस मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे दोघे बाहेर पडले. सिंथेसायझर वाजवणारे खरे जाणकार तेच होते. मागे राहिला गायक ओकी आणि मंचावर स्लाइड दाखवणारा फिलिप एड्रियन राइट. ओकीने शेफील्डच्या ‘क्रेझी डेझी’ या नाइटक्लबमध्ये नाचणाऱ्या दोन शाळकरी मुलींना गटात घेतले, त्याच सुझन सली आणि जोअ‍ॅन कॅथरॉल. नंतर इयन बर्डन आला आणि ‘रेझिलोज’ या पंक गटाचा गिटारवादक जो कॅलिस आला, ज्याला सिंथेसायझरची सवयच नव्हती. सिंथेसायझरवर फारसा हात नसलेल्या या माणसांनी एका बोटाने वाजवता येतील अशा सुरावटी रचल्या, म्हणूनच त्या इतक्या नितळ आहेत.

आणि बाहेर पडलेल्यांनी काय केले तेही पाहा. त्यांच्या ‘हेवन १७’चा ‘पेंटहाउस अँड पेव्हमेंट’ ‘डेअर’च्या एक महिना आधी, सप्टेंबर १९८१ मध्ये आला. त्या अल्बमच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र नावे आहेत, एक ‘पेव्हमेंट’ आणि दुसरी ‘पेंटहाउस’, आणि दोन्हींचा बाज वेगळा आहे. बाजूंचा विचार करून केलेला अल्बम हवा असेल तर मी तो आधी सुचवीन.

डोंगरवाट
पेठकर, ‘पेंटहाउस अँड पेव्हमेंट’ मलाही प्रिय आहे, पण बाजूंना नावे दिल्याने बाजूंचा विचार सिद्ध होतो असे नाही. ‘डेअर’ची पहिली बाजू पाहा. सुरुवात ‘द थिंग्ज दॅट ड्रीम्स आर मेड ऑफ’ने होते. आयुष्यात हव्याशा वाटणाऱ्या साध्या गोष्टींची ती यादी आहे आणि तिच्यात रमोन्स या पंक गटातल्या जॉनी, जोई आणि डी डी यांची नावे येतात. गिटारला हातही न लावणाऱ्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात अमेरिकेतल्या सर्वांत गिटारवेड्या गटाला असा प्रेमाने नमस्कार केलेला आहे. मग ‘ओपन युवर हार्ट’, मग ‘द साउंड ऑफ द क्राउड’, आणि तिथून उजेड कमी होत जातो. ‘डार्कनेस’मध्ये भीती आहे, आणि ‘डू ऑर डाय’ हे पाचवे गाणे त्याच्या लांब वाद्यभागामुळे ती बाजू खुली सोडते. सुई उचलली जाते तेव्हा काहीतरी अपुरे राहिल्यासारखे वाटते, आणि ते तसेच वाटायला हवे.

दुसरी बाजू ‘गेट कार्टर’ने उघडते. १९७१ च्या चित्रपटासाठी रॉय बड यांनी रचलेली ती धून आहे आणि ती कॅसिओ व्हीएल-१ या कॅल्क्युलेटर जोडलेल्या छोट्याशा वाद्यावर, एकट्याने, मिनिटभर वाजते. बाजू उलटून खुर्चीत परत बसेपर्यंत तो एकाकी, पातळ आवाज खोलीत असतो. त्यामागून ‘आय अ‍ॅम द लॉ’ येते. कॉमिकमधल्या जज ड्रेडवरचे हे गाणे इतके संथ आणि जड आहे की एरवी मी ते वगळले असते, पण त्या धुनीमागून ते अटळ वाटते. सीडीवर ‘गेट कार्टर’ म्हणजे पाचव्या आणि सातव्या गाण्यामधला एक चुटका होऊन बसतो. पेठकर, तबकडीवर अधिक काय मिळते असे तुम्ही विचारलेत, तर माझ्यापुरते उत्तर हे आहे. नादाचा उबदारपणा मला अजिबात महत्त्वाचा वाटत नाही.

पेठकर
‘गेट कार्टर’चा मुद्दा पटला. ती धून बाजूच्या आरंभासाठीच आहे.

सायंतारा
‘सेकंड्स’बद्दल कुणीतरी सविस्तर लिहा, अशी विनंती. माझ्या दृष्टीने अल्बमचा कळस ते गाणे आहे.

निशिगंधा_लीड्स
सायंतारा, प्रयत्न करते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये जॉन केनेडी यांची हत्या झाली, त्यावरचे हे गाणे आहे. शब्द फार थोडे आहेत. ओकी मारेकऱ्याला उद्देशून बोलतो आणि त्यात निवाडा नाही, आक्रोश नाही. पुढे शब्द जवळजवळ एकाच ओळीवर येऊन थांबतात आणि ती ओळ पुन्हा पुन्हा येत राहते, तोवर खालचा ताल तसूभरही हलत नाही. एवढ्या भयंकर प्रसंगावर ड्रमवादक भावनेच्या भरात वेग वाढवेल, आघात जोरात करेल. यंत्र तसे काही करत नाही, आणि त्या निर्विकारपणामुळेच अंगावर काटा येतो. यंत्रांच्या संगीतात भावना नसते असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच गाणे ऐकवते.

शेफील्ड पोलादाचे शहर, म्हणून तिथल्या संगीतात कारखान्याची धडधड, असे स्पष्टीकरण बरेचदा दिले जाते. मला ते उथळ वाटते. हा अल्बम तर शेफील्डमध्ये पुरा झालाही नाही. गावातला स्टुडिओ हेवन १७ बरोबर पाळ्या लावून वापरावा लागत होता. फुटीनंतर एकाच छताखाली काम करताना निर्माण झालेला तो ताण पाहून रशेंट यांनी सगळ्यांना रेडिंगजवळच्या आपल्या ‘जेनेटिक’ स्टुडिओत नेले. सली आणि कॅथरॉल यांचे शिक्षण तेव्हा चालू होते, त्यामुळे त्या शेफील्डहून बसने ये-जा करत असत.

केतकीवन
आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण डोंगरवाट यांच्या मताशी माझा मतभेद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

नऊ गाणी ओळीने ऐका. सली आणि कॅथरॉल यांचे आवाज जवळजवळ सर्वत्र आहेत, पण ते सोबतीला आहेत. ध्रुवपदात मिसळतात, ओकीच्या ओळीला उत्तर देतात आणि मागे सरतात. बोलणारा कायम तोच आहे. ‘लव्ह अ‍ॅक्शन’मध्ये तर तो स्वतःचे नाव घेऊन बोलतो. आणि मग दहावे गाणे. पहिले कडवे पुन्हा त्याचेच. तू कॉकटेल बारमध्ये वेट्रेस होतीस, मी तुला घडवले, आता मला सोडून निघालीस, असा त्याचा दावा. दुसऱ्या कडव्यात सली येते आणि शांतपणे सांगते की वेट्रेस होते हे खरे, पण मी माझ्या बळावर कुठेतरी पोहोचलेच असते. संपूर्ण अल्बममध्ये स्त्रीला आपली बाजू मांडायला पूर्ण कडवे मिळते ते इथे. आधीच्या नऊ गाण्यांत एकाच माणसाचा शब्द चालला म्हणून या कडव्याला एवढे वजन आहे. ते गाणे तिसऱ्या क्रमांकावर असते तर हे घडलेच नसते.

ओकीला ते गाणे नको होते, हे मान्य. सिंगल म्हणून काढण्याचा निर्णय व्हर्जिनच्या सायमन ड्रेपर यांचा होता आणि ओकीचा त्याला विरोध होता. केवळ सिंगल घेणाऱ्या श्रोत्याला आपण कमी देतो आहोत असे त्याला इतके वाटत होते की त्याने सोबत मोठे रंगीत पोस्टर द्यायला लावले. पण ते गाणे एका गायकासाठी लिहिले गेले होते आणि त्याचा दोन आवाजांतला संवाद करावा हे ठरवणाराही ओकीच होता. नावडीमुळे शेवटी गेलेले गाणे शेवटी योग्य असू शकते. १९८१ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि १९८२ च्या जुलैत अमेरिकेत. त्या लाखो लोकांनी ते सुटे ऐकले. अल्बमच्या शेवटी ऐकण्याचा अनुभव वेगळा आहे आणि माझ्या मते तोच पुरा आहे.

जुना_गिरगावकर
केतकीवन ताई, चाळीस वर्षे हे गाणे ऐकतो आहे, पण या नजरेने कधी ऐकले नव्हते.

डोंगरवाट
केतकीवन, तुमचे विवेचन मनापासून आवडले. दुसऱ्या कडव्याचे वजन मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही माझे मत मी सर्वस्वी सोडत नाही, कारण गाण्याच्या घडणीत एक फरक राहतोच. या गाण्याचे अंतिम मिश्रण (मिक्सिंग) रशेंट आणि कॅलिस यांनी केले होते आणि ते ओकीला पसंत नव्हते. त्यातली सुरुवातीची सुरावट आणि ध्रुवपदाकडे चढत जाणारी रचना थेट रेडिओकडे पाहणारी आहे. ‘सेकंड्स’ किंवा ‘डार्कनेस’ कुणाकडेच पाहत नाहीत. कथेच्या दृष्टीने ते अल्बमचा शेवट असेल, नादाच्या दृष्टीने ते मला अजून पाहुणे वाटते.

सायंतारा
नादाचाच विषय आहे तर ‘लव्ह अँड डान्सिंग’ घ्या. त्याच रशेंट यांनी १९८२ मध्ये ‘डेअर’ची गाणी मिश्रणाच्या टेबलावर उलटीपालटी करून, फीत कापून-जोडून तो अल्बम बनवला. ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ तिथे बाकीच्यांच्या रांगेत नीट बसते, पाहुणे वाटत नाही.

मंद्रसप्तक
सायंतारा, उत्तम सूचना आहे.

डोंगरवाट, मतभेद मिटवण्यासाठी नव्हे, पण तुम्हाला निवाडा नीट करता यावा म्हणून सांगतो. आपल्या टर्नटेबलवर कार्ट्रिजची, म्हणजे सुई बसवलेल्या भागाची, जुळणी एकदा संरेखन-पट्टीवर (कोन तपासायच्या आखीव पट्टीवर) तपासा आणि आतल्या बाजूचा बिंदू विशेष काळजीने पाहा. सुई गोल टोकाची असेल तर लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची लावून पाहा; आतल्या खाचांत फरक सर्वाधिक तिथेच पडतो. आणि प्रत जुनी असल्यामुळे आधीच्या मालकाच्या जड सुईने त्या खाचा झिजलेल्या असू शकतात. ते सर्वांत आवडते गाणे असल्याने सर्वांत जास्त वेळा वाजले असणार. शक्य झाल्यास कमी वाजलेली दुसरी प्रत मिळवून त्याच दोन गाण्यांची, म्हणजे ‘लव्ह अ‍ॅक्शन’ आणि ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ यांची तुलना करा.

डोंगरवाट
सुई गोल टोकाचीच आहे. लंबगोल मागवतो. शनिवारी दुकानात जाणार आहे, तिथे दुसरी प्रत आणि जमल्यास पोस्टरसकट सिंगल शोधतो. ऐकून झाल्यावर इथेच लिहीन.

केतकीवन
सिंगल मिळाली तर पोस्टरचे छायाचित्र अवश्य टाका.